ढाल डाव्या हातात होती

बाबा,

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी गेले, पंगत उठली, मंडपवाल्याने खुर्च्या एकात एक घालून नेल्या. आता घरात मी, आई आणि तुमचा फोटो. फोटोसमोर आईने मेणबत्ती लावली आहे, पाण्याचा पेला ठेवला आहे आणि त्याच्या शेजारी तुमची जॉयस्टिक ठेवली आहे, वायर नीट गुंडाळून, धुतलेल्या रुमालावर. येणारा माणूस आधी फोटो बघतो, मग जॉयस्टिक बघतो, मग माझ्याकडे बघतो. मी पाण्याच्या पेल्याकडे बघत बसतो.

जेवणाआधी चार जण तुमच्याबद्दल बोलले. शेवटी सुकराम काका उठले. तुमच्यासोबत पंचवीस वर्षं चिखल्याच्या खदानीत एकाच पाळीला उतरलेला माणूस, माइक दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. म्हणाले, "हा मानूस शेवटपर्यंत हरला नाई. जायच्या तीन दिवस आधी त्यानं पोराच्या खेळातला मोठा राक्षस पाडला. सायकल घेऊन माह्या घरी आला सांगाले." लोक रडता रडता हसले. आईसुद्धा हसली. मी उठून घराच्या मागे गेलो आणि सपरीच्या, मागच्या पडवीच्या, खांबाला टेकून उभा राहिलो.

तो राक्षस तुम्ही पाडला नव्हता, बाबा. हे फक्त मला माहीत आहे, आणि ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. सांगायला हवं होतं तेव्हा तुम्ही समोर बसला होतात, चहा पीत. आता फोटोला सांगतो आहे. बैल गेला अन् झोपा केला, तशातली गत.

तुम्हाला आठवत असेल, मी नागपूरची नोकरी सोडून नाकाडोंगरीला परत आलो तेव्हा गावात काय काय बोललं गेलं. पोराला काढून टाकलं, पोराला वेड लागलं. तुम्ही चार दिवस वाट पाहिलीत आणि पाचव्या दिवशी दुपारी माझ्या खोलीत येऊन खुर्ची ओढलीत. "काय बनवून राहिला गा तू? दाखव तं."

मी दाखवलं. हॅक अँड स्लॅश म्हणतात याला, असं सांगितलं. एक योद्धा असतो, त्याच्या उजव्या हातात तलवार, डाव्या हातात ढाल. चारी बाजूंनी मातीचे सैनिक चालून येतात आणि तो त्यांना कापत कापत पुढे जातो. तुम्ही म्हणालात, "म्हंजे कापाकापी." त्या दिवसापासून माझ्या तीन वर्षांच्या स्वप्नाचं नाव कापाकापी पडलं. आई भाजीवालीला सांगायची, पोरगा आत कापाकापी करते.

जॉयस्टिक हातात घेतलीत. तुमची बोटं एवढी जाड की एकाच वेळी दोन बटणं दाबली जायची. दहा मिनिटं खेळलात, पन्नासेक सैनिक कापलेत, आणि जॉयस्टिक खाली ठेवलीत.

"मजा नाई आली."

मी चिडलो. म्हटलं, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा गेम खेळताय, तुम्हाला काय कळतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "गेम नाई समजत मले. पन हानणं समजते. हे तं धानाच्या तनसाच्या ढिगात कुऱ्हाड मारल्यावानी हाये. कोनाले लागून राहिली, कोनाले नाई, हाताले काईच समजत नाई."

आणि मला घेऊन मागच्या अंगणात गेलात. तिथे तो काळा दगड होता, ज्यावर आई कपडे आपटते. तुम्ही सब्बल आणलीत, ती लांब लोखंडी पहार, जी निवृत्त झाल्यावर तुम्ही बाजारातून मुद्दाम विकत घेतली होती. बाकीच्या निवृत्तांनी मोबाइल घेतले, तुम्ही सब्बल घेतलीत. म्हणालात, हाण. मी हाणली. मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या आणि सब्बल जागच्या जागी थांबली.

"थांबली का नाई? घाव बसला की हात थांबते. तेवढा थांबते, मंग दगड फुटते. तुह्या त्या गड्याचा हात थांबतच नाई. आरपार जाते. आरपार जाते ते हानणं नाई, ते वारा घालणं हाये."

या थांबण्याला आमच्या धंद्यात नाव आहे. मोठमोठे लोक त्यावर भाषणं देतात: वार लागला की चित्र क्षणभर गोठवायचं, पापणी लवायच्या आत पुन्हा सोडायचं, म्हणजे खेळणाऱ्याला वाराचं वजन कळतं. मी ते सगळं वाचलं होतं, वाचून विसरलोही होतो. तुम्ही ते कपडे धुवायच्या दगडावर शिकवलंत. त्याच संध्याकाळी मी तो ठहराव घातला आणि तुम्हाला बोलावलं. पहिला वार बसला तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही पडद्याकडे नाही, स्वतःच्या हाताकडे बघितलंत.

मग तुम्ही सुटलात. रोज अकरा वाजता आंघोळ करून, केस विंचरून, पाळीवर आल्यासारखे माझ्या खोलीत हजर. आई म्हणायची, "खदान सुटली अन् हे खूळ लागलं." तुम्ही म्हणायचात, "काम हाये, खूळ नाई. पोराले तपासून देऊन राहिलो." आणि तपासत होतातच. योद्धा एकाला मारताना दुसरीकडे वळू शकत नाही, हे तुम्ही पकडलंत. दहा जण एकदम अंगावर आले तर ते मारणं राहत नाही, गर्दी होते, तीन-चारच आले पाहिजेत आणि बाकीच्यांनी मागे उभं राहून दम खाल्ला पाहिजे, हेही तुम्हीच सांगितलंत. मी म्हटलं, खऱ्या लढाईत असं कोण थांबतं? तुम्ही म्हणालात, "खऱ्या लढाईत मजा कोनाले येते?"

तुमचं सर्वात मोठं शिकवणं मात्र मार खाण्याबद्दल होतं. माझे सैनिक कसेही वार करायचे, मागून, बाजूने, न सांगता. तुमचा योद्धा मरायचा आणि तुम्ही हात वर करायचात. "हे चोरून मारते. मले समजलंच नाई माही चूक काय झाली. मरायची हरकत नाई, पन मेल्यावर आपली चूक दिसली पायजे." मग तुम्ही मला छताची गोष्ट सांगितलीत. लहानपणापासून शंभरदा ऐकली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा कामाची म्हणून ऐकली.

खदानीत आत पाय टाकायच्या आधी एक माणूस पुढे होतो आणि सब्बलीने छत ठोकतो. ठण्ण आवाज आला तर दगड धरून आहे. ढब असा आवाज आला तर वर पोकळ आहे. मागचा माणूस विचारतो, "पक्कं?" पुढचा एक तर म्हणतो "पक्कं," नाही तर ओरडतो "बोललं!" बोललं म्हटलं की सगळे मागे. मग खडूने फुली मारायची, सैल दगड पाडायचा, पुन्हा ठोकायचं. आणि तुमच्या पाळीचा नियम असा, की कोणी चुकून "बोललं" ओरडलं आणि छत चांगलं निघालं तरी त्याला हसायचं नाही. उलट त्या दिवशीचा पहिला चहा त्याला.

"छत आधी बोलते. नेहमी बोलते," तुम्ही म्हणालात. "तुहे सैनिक मुके काहून हायेत?"

म्हणून आपण आवाज टेपला, आठवतं? ठण्ण मिळाला कपडे धुवायच्या दगडावर. ढब काही मिळेना. तुम्ही सगळं घर सब्बलीने ठोकत फिरलात. शेवटी सपरीतल्या धानाच्या रिकाम्या कोठीत मी मोबाइल धरून बसलो आणि तुम्ही बाहेरून ठोकलंत. आई ओरडत होती, कोठी फोडाल म्हणून. तोच ढब माझ्या खेळात प्रत्येक वाराच्या आधी वाजतो. वाजल्यापासून ढाल उचलायला थोडी सवड मिळते. त्या सवडीत डावं बटण दाबलं तर वार ढालीवर थांबतो आणि उलटा शत्रूलाच बसतो. त्याच्या आधी दाबलं तर फुकट, नंतर दाबलं तर मेलात. सगळी मजा त्या एवढ्याशा फटीत आहे, हे आपण दोघांनी मिळून शोधलं. मिळून म्हणतो आहे, पण खरं तर तुम्हीच.

आपला वाद एकच होता आणि तो कधी मिटला नाही. मी म्हणायचो, माणसाला कापाकापी आवडते कारण आत राग असतो. साहेबाचा राग, घरचा राग, कोणी जात विचारली त्याचा राग. तो कुठेतरी काढायला मिळतो. तुम्ही मान हलवायचात. "राग असला की घाव चुकते गा. म्या रागात कधीच ड्रिल धरली नाई. ढब ऐकू आला, हात बरोबर टायमाले उठला, घाव बरोबर बसला, की मानसाले वाटते आपन जित्ते हावो. येवढंच हाये ते." मी म्हणायचो, हे काय उत्तर झालं. तुम्ही म्हणायचात, तुह्या डोक्यात नाई शिरनार, तू खुर्चीत बसून मोठा झाला. आता माझ्याकडे तुम्हाला द्यायला एक-दोन चांगली उत्तरं आहेत. पण वाद घालायला माणूस लागतो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते.

सपरीची आडवी बल्ली, छपराचं लाकूड, ठेंगणी आहे. तुम्ही जन्मभर खदानीत कडक टोपी, हेल्मेट घालून वाकत वाकत चाललात, आणि टोपी घातलेलं डोकं ठोकर खायला भीत नाही. निवृत्त झाल्यावरही तुम्ही तसेच चालायचात. सरपण आणायला गेलात आणि बल्लीवर डोकं आपटलंत. आवाज माझ्या खोलीपर्यंत आला. मी धावत आलो तर तुम्ही डोकं चोळत हसत होतात. मी विचारलं, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "ठण्ण वाजलं. पक्कं हाये." आपण तिघंही पोट धरून हसलो. आईने हळद लावली. दुसऱ्या दिवशी टेंगूळही उतरलं.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी तुम्ही हरायला लागलात. आधी मोठ्या राक्षसाजवळ, मग साध्या सैनिकांजवळ. तलवार ठीक चालायची. ढाल उशिरा उठायची. ढब वाजायचा, तुमचे डोळे बरोबर वेळी बारीक व्हायचे, आणि डावं बोट मागाहून यायचं. तुम्ही स्वतःवर चिडायचात, जॉयस्टिक झटकायचात, म्हणायचात बटण जाम झालं. मी बटण उघडून साफ केलं. बटण चांगलं होतं.

मी काय समजलो? वय झालं, एवढंच समजलो. माझा खेळ प्रत्येक डावाची नोंद ठेवतो, कुठलं बटण कधी दाबलं ते सगळं. मी ती नोंद रोज बघत होतो. उजवा हात महिन्यापूर्वी होता तसाच, आणि डावा दर आठवड्याला थोडा मागे, थोडा मागे. हे डोळ्यांनी बघून मी काय केलं असेल? ढालीची सवड वाढवली. एका ओळीतला एक आकडा बदलला, चोरून, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मला फार बरं वाटलं, बाबा. आपण वडिलांसाठी काहीतरी केलं, असं वाटलं.

तुम्ही दोन दिवसांत पकडलंत. सैनिकाचा वार ढालीवर थांबला आणि तुम्ही जॉयस्टिक मांडीवर ठेवलीत.

"म्या उशिरा उचलली. मले मालूम हाये म्या उशिरा उचलली. तरी लागली कशी?"

मी काहीतरी थाप मारली. तुम्ही माझ्याकडे वळलात. इतके चिडलेले मी तुम्हाला क्वचितच पाहिले होते. "तू मले जिंकवून राहिला. कायले? म्या भीक मागतली काय? आखी जिनगी दगडानं माह्यावर दया नाई केली, म्हनून तं मी काम शिकलो. अन् तुहा मातीचा सैनिक माह्यावर दया करते?"

"बाबा, तुमचं वय झालं. हात हळू होणारच."

"वय झालं तं मरू दे माह्या गड्याले. चूक दिसू दे."

दोन दिवस तुम्ही माझ्या खोलीत आला नाहीत. अकरा वाजता आंघोळ करायचात, केस विंचरायचात आणि ओट्यावर जाऊन बसायचात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि तुमचा पीळ मी चांगला ओळखून होतो. आई मला डोळ्यांनी सांगायची, जा, बोल. मी नाही गेलो. मीही तुमचाच मुलगा.

तिसऱ्या दिवशी मी गेलो. म्हटलं, पहिल्यासारखं केलं सगळं, या. तुम्ही लगेच उठलात. एवढे लगेच उठलात की मला लाज वाटली. कारण मी पहिल्यासारखं केलं नव्हतं. वाढवलेली सवड तशीच ठेवली होती, आणि वर राक्षसाचा हातच संथ केला होता, म्हणजे तुमचं बोट उशिरा आलं तरी तुम्हाला ते वेळेवर आल्यासारखं वाटावं. या वेळी काम इतकं सफाईने केलं होतं की तुम्हाला शोधता येणार नव्हतं. तुमच्याच शिकवणीने तेवढा हुशार झालो होतो.

तुम्ही राक्षस पाडलात. दुसऱ्याच डावात. ढब वाजला, ढाल उठली, राक्षसाचा घण उलटा त्याच्याच छातीवर बसला आणि तो गुडघ्यावर आला. तुम्ही उभे राहिलात. "पायलं? पायलं का नाई? वय झालं म्हने!" आईला हाक मारलीत, तिला पडलेला राक्षस दाखवलात. ती म्हणाली, "बापा, केवढा हाये हा!" तुम्ही चहा मागितलात, दोनदा. मग सायकल काढलीत आणि सुकराम काकांकडे निघालात. सायकल फाटकाला डाव्या बाजूने घासली. मी खिडकीतून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागलो.

त्यानंतर तिसऱ्या सकाळी तुम्ही पलंगावरून उठलाच नाहीत. डोळे उघडे होते, बोलणं येत नव्हतं. तुमसर, तुमसरहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर. रस्ताभर तुमचा उजवा हात माझ्या हातात होता आणि त्यात जोर होता. डावा आईच्या मांडीवर पडून होता. डॉक्टरांनी विचारलं, मागे कधी डोक्याला मार लागला होता का? आईने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आई म्हणाली, "बल्ली लागली होती. पन लय दिवस झाले. हसत होते ते."

त्याच रात्री तुम्ही गेलात. डॉक्टर चांगले होते, त्यांनी नीट समजावून सांगितलं. आत रक्त हळूहळू साचत जातं. कित्येक आठवडे काही दिसत नाही. मग एका बाजूचा हातपाय मंद होतो. तेव्हा आणलं तर बहुतेकदा कवटीला लहानसं छिद्र पाडून ते काढून टाकता येतं. मग त्यांनी मला विचारलं, "हात हळू झाल्याचं घरी कोणाच्या लक्षात नाही आलं का?"

मी म्हटलं, नाही.

बघा, तिथेही खोटंच बोललो. जन्मभर दगडाला छिद्रं पाडणाऱ्या माणसाला एक छिद्र हवं होतं, आणि त्याच्या मुलाकडे आठवड्याआठवड्याची लेखी नोंद होती, डावा हात किती मागे पडतो आहे याची. कुठल्या डॉक्टरकडेही एवढी बारीक नोंद नसेल. मी ती रोज वाचत होतो. माझ्या हातात सब्बल होती, छत ढब ढब वाजत होतं, आणि मी आवाज ऐकून सब्बल बदलत बसलो.

काल संध्याकाळी सगळे गेल्यावर सुकराम काका थांबले. आईपासून दूर, फाटकाजवळ मला घेऊन गेले. म्हणाले, "पोरा, एक गोष्ट मनात सलून राहिली. त्या दिवशी तो राक्षसाचं सांगाले आला ना, तवा म्हने, सुकराम, डावा हात सुन्न होऊन राहिला गा. म्या म्हनलं दवाखान्यात जा. तं म्हने, आता नाई. पोराचा खेळ संपत आला हाये, आता सांगतलं तं तो सगळं टाकून माह्यामागं धावल. झाल्यावर जातो." काकांनी डोळे पुसले. "म्या तुले फोन करायले पायजे होता. नाई केला. अन् इथं माइकवर भाषण देऊन राहिलो."

मी त्यांना म्हटलं, तुमची काही चूक नाही काका. ते निघून गेले. आणि मग मला तुमचा असा राग आला, बाबा, की फोटो पालथा घालावासा वाटला. तुमच्या पाळीचा नियम काय होता? ज्याला ढब ऐकू आला त्याने ओरडायचं. चूक असो, बरोबर असो, ओरडायचं. कोणी हसणार नाही, पहिला चहा त्याला. हे तुम्ही मला शंभरदा सांगितलंत, आणि स्वतःच्या हाताने ढब वाजवला तेव्हा तोंड मिटून बसलात. माझ्या कापाकापीसाठी! तो खेळ काय पळून जात होता? तुम्ही माझ्यापासून लपवलंत, मी तुमच्यापासून लपवलं, दोघंही एकमेकांवर दया करत बसलो, आणि त्या दयेनेच तुम्हाला मारलं. मी कोणाशी भांडू आता?

राग रात्रभर टिकला नाही. तुमच्या उशिरात आणि माझ्या खोट्यात फार फरक आहे, हे मला कळतं. तुम्ही तुमचं छत झाकलंत. मी तुमचं झाकलं.

आज सकाळी अकरा वाजता खोलीत गेलो. ते दोन्ही आकडे पहिल्यासारखे केले. राक्षसाचा हात मोकळा केला. मग फोटोसमोरून जॉयस्टिक उचलून आणली. आई दारात येऊन उभी राहिली. मी खेळलो. ढब वाजला. तुम्ही बाहेरून ठोकत होतात, मी कोठीत बसलो होतो, आई ओरडत होती, हे सगळं त्या एका आवाजात होतं. माझं बोट उठलंच नाही. राक्षसाने मला मारलं. पुन्हा खेळलो, पुन्हा ढब, पुन्हा मेलो. आई म्हणाली, "राहू दे ना गा." मग जॉयस्टिक रुमालावर ठेवून दिली.

लोक मला विचारतील, खेळ पुरा करणार का. मला माहीत नाही. त्यातला प्रत्येक वार तुमचा आहे, प्रत्येक थांबणं तुमचं आहे. तुम्हाला वगळलं तर त्यात उरते ती फक्त माझी लबाडी.

फक्त एक प्रसंग मी आत्तापर्यंत गाळत आलो, तो सांगतो आणि थांबतो. त्या शेवटच्या डावाआधी तुम्ही खुर्चीत नीट बसलात, पँटला हात पुसलेत, जॉयस्टिक घेतलीत. मी तुमच्या मागे स्टुलावर होतो. पडद्यावर राक्षसाच्या गुहेचं तोंड होतं. तुम्ही आत जायच्या आधी थांबलात आणि माझ्याकडे न वळता विचारलंत, जसं खदानीत विचारायचात तसं.

"पक्कं?"

मी म्हणालो, "पक्कं, बाबा."

आणि तुम्ही आत गेलात.